डावीकडचं पेट्रोल

नाही नाही, त्या स्टुलावर नका बसू ताई, त्याचा एक पाय आखूड आहे — आणि तुम्ही आधीच माझ्यावर वैतागलेल्या, त्यात पडलात म्हणजे माझं कल्याणच. इकडे बसा, या सीटवर. तुमच्याच गाडीची मागची सीट आहे, काढून भिंतीला लावलीय, बसा खुशाल. मोबाइल तेवढा बाहेरच्या टेबलावर ठेवून या, टाकी उघडी आहे, पेट्रोलची वाफ आहे, उगाच विषाची परीक्षा नको. हां. किती वेळ म्हणता? तासभर धरा. खरं तर तासाच्या आतच. धाकटा झाकणाची रबरी रिंग आणायला गेलाय, जुनी फुगलीय, परत बसत नाही — धाकटा म्हणजे भाऊ माझा, पुढे काचेमागे लॅपटॉप उघडून बसतो ना, तो — आणि तो यायच्या आत मला हे उरकायचंय. का म्हणजे? जाताना बजावून गेलाय. दादा, मी येईपर्यंत टाकीत हात घालू नकोस. असं. आणि काल आणखी काय म्हणाला सांगू? म्हणाला, ही गाडी ह्याच दुखण्यानं पुन्हा आत आली ना, तर यापुढे तू टाकीचं काम करायचं नाहीस, कुठल्याच गाडीचं. पुढे बस, गिऱ्हाइकांशी बोल. मला म्हणतो, गिऱ्हाइकांशी बोल! एकतीस वर्षं या हातांनी टाक्या उघडतोय, याचं लग्नही झालं नव्हतं तेव्हापासून. आता तुम्हीच सांगा, मी काय बोलण्यातला माणूस आहे? हसा, हसा. बोलतोय खरा.

काय झालंय ते सांगतो, तीनदा गाडी बंद पडल्यावर तेवढं कळायचा हक्क आहे तुम्हाला. या, वाका जरा. सीटखाली ही दोन गोल भोकं दिसतात? एक उजवं, एक डावं. टाकी एकच आहे, पण तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांबलचक दांडा गाडीच्या पोटाखालून जातो — त्याला वाट द्यायची तर टाकी मधोमध उचलावी लागते. दोरीवर विजार वाळत टाकतो ना आपण, एक पाय इकडे, एक पाय तिकडे — अगदी तशी. वर एक, खाली दोन. आता गंमत अशी, की इंजिनाला पेट्रोल देणारा पंप फक्त उजव्या पायात बसवलाय. मग डावीकडच्या पेट्रोलनं काय करायचं? त्यानं उंचवटा चढून उजवीकडे यायचं. आपल्या पायानं येतंय का? नाही येत. त्याला एक नळी आहे, बोटाएवढी. पंप जे जास्तीचं पेट्रोल परत टाकीत सोडतो, त्याच्याच जोरानं ती नळी डावीकडचं ओढून आणते. मोटर नाही, वायर नाही, आवाज नाही — गपचूप काम. नळी जागेवर आहे तोवर ही टाकी एक. नळी निसटली की झाल्या दोन. उजवीकडचं संपतं, डावीकडचं तसंच डुचमळत राहतं, आणि काटा दाखवतो अर्धी. तो बिचारा दोन्हीकडच्या सेन्सरांचं ऐकून सांगतो, त्याला काय माहीत कुठलं पेट्रोल कामाचं आणि कुठलं नुसतं शोभेचं? तुम्ही म्हणता काटा खोटं बोलतो. खोटं नाही हो बोलत. अर्धी टाकी आहेच. नको तिथे आहे.

हा कॅन बघा. सकाळी डावीकडून काढलं, सव्वीस लिटर. आणि हा मग — उजवीकडून एवढंच निघालं, तळ झाकेल इतकं. परवा पुलावर गाडी बंद पडली तेव्हा सव्वीस लिटर पेट्रोल तुमच्या पाठीशी होतं ताई, आणि तुमची गाडी तहानेनं मेली. टोइंगवाल्यानं तशीच ओढून आणली ते बरं केलं, नाहीतर तुम्ही आपल्या दर वेळी दोन बाटल्या ओतायच्या, मग पंपावर जाऊन टाकी फुल्ल करून माझ्या दारात आणायच्या, आणि फुल्ल टाकीत दोष सापडतो कशाला! दोन्ही पाय भरलेले, सगळं छान. तीन-चार आठवडे गाडी पळायची, मी शहाणा ठरायचो. मग उजवं संपलं की पुन्हा ठप्प.

सेन्सर? हो, सेन्सर मी बदलले. दोन्ही बदलले. एकदा डावा, एकदा उजवा. नाही, तुम्ही चुकीचं नाही ऐकलंत, मीच म्हणालो होतो, सेन्सर गेलाय ताई, काट्यावर विसंबू नका. थांबा, दाखवतो. हा जुना. ड्रॉवरमध्येच ठेवला होता. ही काडी, हिच्या टोकाला हा हलका गोळा, पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली, वर आलं की वर. आता मीटरला लावतो — आकडा बघा. मी गोळा उचलतोय… बघा, कसा सरकतोय, कुठे अडखळला? कुठे उडी मारली? पुन्हा खाली. बघा. ठणठणीत आहे. तेव्हाही ठणठणीत होता. फेकला का नाही म्हणता? फेकवला नाही. रोज ड्रॉवर उघडतो, बघतो, बंद करतो. त्याचे पैसे धाकटा तुम्हाला परत देईल, तो प्रश्न नाही. प्रश्न तो नाहीच.

सुरुवातीपासून सांगू? तुमचं ऐकायचं मन असेल तर. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही आलात, पंप कुंईकुंई करतोय म्हणून. पंप बदलला, चांगला बदलला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पंप काढायचा म्हणजे आधी ती नळी सोडवावी लागते आणि शेवटी परत बसवावी लागते. आणि ती बसवायची कशी, तर न बघता. भोकात हात गेला की भोकच भरतं, बघणार कुठून? कोपरापर्यंत हात आत, गाल सीटच्या पत्र्यावर टेकलेला, नजर कुठेतरी छताला — आणि बोटं आपलं काम करतात. नळी तोंडाला लावायची, अंगठ्यानं दाबायची, आणि बसली की बोटाला टक्क कळतं. कानाला नाही, बोटाला. ते कळलं की हात बाहेर. मी दाबली. जड गेली, थांबली. म्हटलं, बसली. हात बाहेर काढला. तीन आठवड्यांनी तुमची गाडी ऑफिससमोर बंद.

तेव्हा मी डावीकडचं झाकण उघडलं. पेट्रोल काठोकाठ. तिथेच कळायला हवं होतं. कळलंही असेल, कोण जाणे — पण तुम्ही टाकी भरून आणलेली, आयतं निमित्त मिळालं मला. म्हटलं, डावा सेन्सर वरच अडकला असणार, म्हणून काटा अर्ध्यावर. लावा नवा. पुन्हा एका महिन्यानं सिग्नलला गाडी बंद. तेव्हा उजवीकडचं उघडलं. हात घातला. आणि —

एक मिनिट. पाणी पितो. तुम्ही घेणार? बरं.

— आणि नळी निघालेली सापडली. सापडली ताई. सरळ माझ्या मनगटावर येऊन पडली, नळी कसली, सापच वाटला मला. कोणाला बोललो नाही. पुढे धाकटा बसलेला, मधे दहा पावलं. दहा पावलं जाऊन म्हणायचं, अरे, माझ्याकडून राहिली नळी — एवढंच. नाही म्हणवलं. परत बसवली, दाबली, बसली असं वाटलं, वर नवा उजवा सेन्सर लावला आणि तुम्हाला तोंड भरून सांगितलं, झालं काम, आता डोळे मिटून फिरा. तुम्ही माझे आभार मानलेत. हो, आठवतंय मला, तुम्ही पेढे नाही आणले एवढंच राहिलं.

रागवा की. अहो, तुम्ही नुसत्या बसून ऐकता, त्यानं जास्त त्रास होतो. परवा आलात तेव्हाही तेच. मी मनाची तयारी करून बसलेलो, म्हटलं येतील, कडाकडा बोलतील, मी मान खाली घालीन, संपेल. तुम्ही काय केलंत — किल्ली ठेवलीत आणि हळू आवाजात सांगितलंत, बाबांना घेऊन आत्याकडे निघाले होते, आत्या शेवटच्या घटका मोजतेय, पुलावर गाडी बंद पडली, ऐंशीचे बाबा दोन तास उन्हात पत्र्यात बसले. पोचलात तेव्हा आत्या होत्या, पण वाचा गेली होती. सकाळपर्यंत बोलत होत्या म्हणालात. माझा भाऊ आला का, माझा भाऊ आला का, विचारत होत्या. एवढं सांगितलंत आणि विचारलंत, किती दिवस लागतील? तुमच्या जागी मी असतो तर हे दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. बायकोला म्हटलं, ॲसिडिटी. तिनं ताट उचललं.

तिला सगळं ठाऊक आहे. तिच्यापासून काय लपणार? तिलाच आधी कळलं, माझ्याही आधी. आठ महिन्यांपूर्वी गॅसवरून दूध उतरवत होतो, ती किंचाळली — अहो, पातेलं! मी म्हटलं, काय पातेलं? चिमटा नाही, फडकं नाही, नुसत्या हातानं धरलेलं. मला वाटलं कोमट आहे. संध्याकाळी बोटांवर टरारून फोड आले. मग डॉक्टर, मग तपासण्या, साखर केव्हाची वाढलीय, तुम्ही लक्ष दिलं नाहीत, बोटांच्या शिरा मेल्यात, आता आहे तेवढं सांभाळा. सांभाळा! जसं काही बरणीत भरून फडताळात ठेवायचंय. आधी मुंग्या यायच्या, ते परवडलं. आता काहीच येत नाही. सकाळी शर्टाची बटणं ती लावून देते, मी आपला म्हणतो, चल लवकर, मला उशीर होतोय, आणि तीसुद्धा म्हणते, हो हो, उभे राहा नीट. दोघंही नाटक करतो. चौतीस वर्षांचा संसार, आता हे एक नवीन शिकलो.

माझे उस्ताद होते, त्यांची एक रीत होती. बादलीत काळं तेल, त्यात वेगवेगळ्या मापाचे नट टाकायचे, आणि म्हणायचे, घाल हात, काढायचा नाही, आतल्या आत सांग कितीचा. दहा, बारा, तेरा, चौदा. बाराला तेरा म्हटलं की टपली. सहा महिन्यांनी टपल्या थांबल्या. धाकट्यालाही बसवला होता त्या बादलीपाशी. तो दोन दिवसांत पळाला — म्हणे, पाना लावून बघितलं की कळतंच की! त्याचा हात तसाही जाड, टाकीच्या भोकात मनगटाशी अडतो. तो पुढे वायरिंग शिकला, कॉम्प्युटर शिकला, मशीन आणलं, वायरीच्या टोकाला बसवलेला चिमुकला कॅमेरा आणला. मी त्याला उभा जन्म चिडवत आलो. तुझं मशीन चुकेल रे, माझा हात चुकायचा नाही. गिऱ्हाइकांसमोर चिडवलंय. त्याच्या बायकोमुलांसमोर चिडवलंय. एकदा कुठल्याशा गाडीत त्याचं मशीन एक म्हणालं आणि माझा हात दुसरं, आणि हात बरोबर निघाला — झालं, दहा वर्षं ती गोष्ट पुरवून पुरवून सांगतोय. तो हसतो. दर वेळी हसतो.

गेल्या महिन्यात घरी बायकोला म्हटलं, चल, गंमत करू. परातीत पाणी घेतलं, दुकानातून नट नेले होते खिशातून. मी डोळे मिटतो, तू एकेक हातात दे, मी सांगतो. तिला कसली गंमत नि कसलं काय, पण बसली समोर. प्रत्येकावर आधीच आकडा कोरून ठेवला होता, तिला वाचायला अडचण नाही. पहिला दिला. म्हटलं, चौदा. ती म्हणाली, बरोबर. दुसरा. म्हटलं, दहा. बरोबर. तिसरा, बारा. बरोबर. अहो, मी असा फुगलो! म्हटलं, डॉक्टरला काय कळतं, आहेत अजून बोटं. चौथा दिला, मी म्हटलं चौदा, ती म्हणाली बरोबर — आणि मी डोळे उघडले. तेरा होता. तेरा. मी तिच्याकडे बघितलं, तिनं नट पाण्यात सोडला आणि परात उचलून मोरीवर गेली. भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

ते जाऊ द्या. काल धाकट्यानं तुमच्या गाडीला मशीन लावलं. त्यात डावं-उजवं वेगळं दिसतं, काट्यासारखं मिसळून नाही. डावीकडे सव्वीस, उजवीकडे शून्य. माझ्याकडे बघून म्हणाला, दादा, सेन्सर दोन्ही बरोबर आहेत. पेट्रोल इकडून तिकडे येत नाहीये. नळीचं बघावं लागेल. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, तुझ्या मशीनला काय कळतंय! हो. तेव्हासुद्धा. परवाचं तुमचं ऐकल्यावरसुद्धा माझी जीभ तेच बोलली. मग तो ते म्हणाला — पुन्हा आली तर तू टाकीचं काम करायचं नाहीस. आवाज चढवून नाही म्हणाला. मला वाटतं त्याला काहीतरी वास लागलाय. पण वास लागणं निराळं आणि मी तोंडानं सांगणं निराळं. सांगितलं की संपलं ना ताई. तो वाईट नाही, तो मला सोन्यासारखा ठेवील. खुर्ची देईल, पंखा देईल. येणाऱ्याला म्हणेल, हे माझे मोठे भाऊ, यांनीच सगळं उभं केलं. आणि मी तिथे बसून काय करायचं? माणसं हातात किल्ली देतील, मी ती त्याला देईन. झाला दिवस.

म्हणून म्हटलं, तो यायच्या आत बसवून टाकू. एकदा नीट बसली की गाडी काही परत येत नाही. तुमचंही भलं, माझंही झाकलं राहील. मघाशी तुम्ही यायच्या आधीच बसवलीय खरं तर. दोनदा दाबली, दोनदा ओढून बघितली. आली नाही हातात. बसली असणार.

असणार.

ताई, एक सांगू? नाही म्हणालात तरी चालेल. तुमचा हात बारीक आहे. नाही नाही, तसलं काही नाही, धोका काही नाही, बॅटरीची वायर काढून ठेवलीय, टाकी जवळजवळ कोरडी आहे, हा हातमोजा घाला, पातळ आहे, स्पर्श कळतो. घड्याळ आणि बांगडी काढून ठेवा. माझी खोटी समजूत घालणारं मला आत्ता कोणी नकोय, आणि तुम्हाला माझी समजूत घालायचं काही कारण नाही. तुम्ही खरं सांगाल. गाडी तुमची आहे, उद्या बाबांना तुम्हीच घेऊन जाणार आहात त्यांच्या बहिणीकडे, रोज जायचं म्हणताय. मला चौथ्यांदा असणार म्हणून तुम्हाला पाठवायचं नाही.

हां, बाही अशी वर. उजवं भोक. गाल टेकवा पत्र्याला, लाज कसली, सगळे टेकवतात. हात सरळ खाली जाऊ द्या. डब्यासारखं काही लागलं? तो पंपाचा डबा. त्याच्या कडेनं मागे या, भिंतीच्या बाजूला. मऊ लागलं? तीच नळी. आता तिच्या टोकाशी जा. जिथे ती डब्याला लागते तिथे. दोन बोटांत धरा. ओढा. जोरात नको, सहज.

काय झालं?

निघाली?

सहज निघाली म्हणता. दोन बोटांनी.

बरं. नाही, काही नाही. मी ठीक आहे. राहू द्या, हात बाहेर काढू नका, आहे तिथेच थांबा. बरं झालं. म्हणजे आज रस्त्यावर गेला असतात आणि… बरं झालं म्हणतो ना. आता असं करा. नळीच्या तोंडाशी एक खाच आहे, ती वरच्या बाजूला हवी. चाचपा. मिळाली? आता डब्याच्या तोंडावर सरळ धरा, तिरकी नको. आणि अंगठा मागून. दाबा. आणखी. जड जाईल, तिथे थांबायचं नाही, तिथेच मी थांबतो दर वेळी — आणखी दाबा, अंगठा दुखेपर्यंत —

बसली?

थांबा, थांबा. बसली नुसतं नका म्हणू. कसं कळलं ते सांगा. काय झालं बोटाला? नाही, मला ठाऊक आहे हो काय होतं ते, तरी सांगा. हां… आधी जड. मग? मग एकदम हलकी, आणि आतून बारीकसं काहीतरी… हो. हो, तसंच. अगदी तसंच असतं ते. अंगठ्याला जास्त कळलं की शेजारच्या बोटाला? अंगठ्याला. मलाही अंगठ्यालाच कळायचं. आता ओढा. जोर लावून ओढा, घाबरू नका. हलत नाही? जराही नाही? बरं. काढा हात. सावकाश, कड लागेल. हे फडकं घ्या. वास जाईल दोन दिवसांत, साबणानं नाही गेला तर पीठ चोळा. तुम्हाला शिकवलं असतं तर तुम्ही सहा महिन्यांत टपल्या खायच्या थांबला असतात. हसू नका, खरं सांगतोय.

आली स्कूटर. त्याचीच. ऐका — त्याला काही सांगायची गरज नाही. काम झालंय ना? नळी बसलीय, गाडी तुमची परत येणार नाही, मग आणखी काय पाहिजे? तो विचारेल, झालं का, मी म्हणेन झालं. खोटं थोडंच आहे. असं काय बघताय माझ्याकडे? मी काय तुमच्या… असं नका बघू हो ताई.

ये रे. मिळाली रिंग? दाखव. हो, हीच. हो, घातला हात. ओरडू नकोस, ताई बसल्यात. झालंय सगळं. नळीच होती, तुझं मशीन बरोबर होतं. बसवली, पक्की बसलीय, कॅमेरा घालून बघ हवं तर. हो. हो रे, कळलं की बसलेली. कळलं म्हणजे…

नाही. मला नाही कळलं. ताईंना कळलं. त्यांच्या हातानं बसली. मी दोनदा दाबून बसवलेली यांच्या दोन बोटांत निघून आली. आणि मागच्या महिन्यात निघालेली मीच पाहिली होती, मीच, आणि तुला बोललो नाही, वर सेन्सर लावला. पंप बदलला तेव्हाही बसली नव्हती. बोटं गेली रे माझी. आठ महिने झाले. वहिनीला माहीत आहे तुझ्या, तिला काही बोलू नकोस, मीच शपथ घातली होती. आता तू काय ते ठरव. बोल की. दहा वर्षं चिडवतोय तुला, आज तुझी पाळी आहे, बोल. अरे, बोल काहीतरी, असा उभा काय राहिलास चष्मा काढून —

ताई, तुम्ही निघा आता. नाही, थांबू नका. गाडी तो आणून देईल संध्याकाळी, रिंग बसवून, पेट्रोल परत भरून. मोबाइल बाहेर टेबलावर आहे तुमचा. निघा हो. त्याला असं कोणी परक्यानं बघितलेलं आवडत नाही. दार लोटून घ्या जाताना.